कवडी रवणीला बसली

हरेश्वराच्या महिन्याचं पान वाढून झालं, वड्यांचा धूर कौलांतून निघून गेला, आणि धोंडूकाकाने सदऱ्याच्या बाह्या वर सारून जाहीर केलं, की आज एक गोष्ट कायमची निकालात निघाली पाहिजे. आपला भाऊ कोंबडीत आहे की नाही.

"वयनी, माका सरळ सांग," तो म्हणाला. "त्या कवडीक मी हाकलूची की नाय? काल तिने माझी चादर घाण केल्यान. हात उचललंय, नि तुझी आठवण येवन खाली घेतलंय. असा किती दिवस चालतला?"

 सोनूबाई पडवीच्या कोपऱ्यात टोपलीपाशी बसली होती. टोपलीत कवडी कोंबडी, अंगभर ठिपके, एका डोळ्याने साऱ्या घराकडे संशयाने बघणारी. सोनूबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला होता. नवरा हरेश्वर पडवीत बसलेला असला की ओढायची, तसाच.

लेक गुणवंतीने ते पाहिलं आणि खाली मान घालून ती उष्टी पानं उचलू लागली.

चूक म्हणायची तर कावळ्यांची होती. हरेश्वराच्या दहाव्याला बाणगंगेवर कावळा पिंडाला शिवला नाही. ऊन डोक्यावर आलं तसा भटजींनी दर्भाचा कावळा करून कार्य उरकलं, पण सोनूबाईच्या मनातून ते जाईना. गवताच्या कावळ्याला कसली भूक? तेराव्याला तिने परसातल्या दगडावर पान ठेवलं आणि सगळं घर हात जोडून उभं केलं. कावळे माडावर होते. मजेत होते. खाली मात्र येईनात. म्हणून प्रत्येकाने शब्द द्यायला सुरुवात केली. मुलगा शिवा म्हणाला, गिरणीत खाडे करणार नाही. धोंडूकाका म्हणाला, ताडी सोडली. शिवाची बायको शांता म्हणाली, मी उलट उत्तर करणार नाही. तेवढ्यात एक कावळा उठला आणि दुसऱ्या माडावर जाऊन बसला. शेवटी सोनूबाई पुढे झाली. तिने कसलाच शब्द दिला नाही. "परत या," एवढंच म्हणाली. आणि आंब्यामागून कवडी तुरुतुरु आली, वड्यावर चोच मारली, आणि कोणी हां-हां म्हणेपर्यंत खीरसुद्धा साफ केली.

त्या दिवसापासून सोनूबाईचं म्हणणं एकच: हे परत येताहेत. दुसऱ्या दिवशी सुतक संपल्याच्या तिखटाच्या जेवणाला घरचा तुरेवाला कोंबडा कापला गेला. त्यानंतर कवडीने घातलेल्या एकाही अंड्याला तिने कुणाला बोट लावू दिलं नाही. नऊ अंडी झाली, कवडी खुडूक झाली आणि ती उबवायला रवणीला बसली. तेव्हापासून तिच्याबरोबर सोनूबाईही बसली होती.

एवढंच असतं तर घराने सोसलं असतं. पण परवा बोट सुटायची होती. पावसाळ्याआधीची शेवटची. ती गेली की दसऱ्यापर्यंत कोकणची वाट बंद. दिवसकार्यासाठी आलेली रखमाआत्या त्या बोटीने परत निघाली होती आणि सोनूबाईनेही आपलं बोचकं बांधून दाराशी ठेवलं होतं. अंड्यांत ते असतील तर मी इथेच. नसतील तर ते मूळघरी गेले असणार. मग मीही जाते, आणि पुन्हा काही यायची नाही. हे तिने गुणवंतीला चुलीपाशी सांगितलं होतं, भाजीत मीठ किती घालू हे विचारावं इतक्या साध्या आवाजात. गुणवंती "बरं" म्हणाली होती. वडील, म्हणजे आबा, गेल्यापासून ती सगळ्याला "बरं"च म्हणत होती. गिरगावात मुलींच्या शाळेत ती दिवसभर शिकवायची, ट्रामने परळला परत यायची आणि पुस्तक उघडून त्याच पानावर बसायची. लहानपणीच कुंकू पुसलं गेलेल्या ह्या लेकीला आबांनी शाळेत घातलं, मास्तरीण केलं, आणि आता आबा नव्हते. आईसुद्धा बोटीत बसली, तर ह्या घरात तिला गुणा म्हणून हाक मारणारं कोण उरणार, हा हिशेब तिने मनातल्या मनात पुष्कळदा केला होता. मोठ्याने एकदाही नाही.

"काका म्हणतो ते बरोबर आहे," शिवा म्हणाला. "गिरणीत लोक विचारतात मला. शिवा, बापूस कसा आहे, उबवला का?"

"त्यांना सांगा," शांता भिंतीकडे तोंड करून म्हणाली. काकासासऱ्यासमोर ती भिंतीशीच बोलायची, आणि ते घरात सगळ्यांना ऐकू जायचं. "सांगा म्हणावं, आमच्याही पोटात चार महिन्यांचं आहे. मामंजींना यायचंच होतं तर सख्खी सून होती ना घरात? कोंबडी कशाला? आम्ही काय वाईट केलं होतं?"

"तू त्यांना चहा थंड द्यायचीस," सोनूबाई टोपलीकडे बघत म्हणाली.

"आणि कोंबडी गरम द्यायची?"

"शांता!" शिवा म्हणाला.

"मी भिंतीशी बोलतेय."

रखमाआत्याने पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "माझो भाऊ खंय येवचो तो तेचो तो बघतलो. पण वयनी, एक सांग. अंडी नऊ. दादा एक. बाकीचे आठ कोण?"

सोनूबाईने ह्याचा विचार केलेला होता. "सोबतीला."

"आणि तलंग निघाली तर?" शिवाने विचारलं. "म्हणजे मादी?"

ह्याचा विचार कुणीच केलेला नव्हता. सगळ्यांनी कवडीकडे पाहिलं.

"ह्या बघ," धोंडूकाका मांडी घालून बसला. "दादा नाय, बिदा नाय, काय्येक नाय. कोंबड्याबगर पिल्लू होता काय? कोंबडो आपण खाल्लो. तंगडी मीच खाल्लंय. ही सगळी अंडी तेच्यानंतरची. म्हणजे पोकळ. उद्या मस्त रस्सो रांदूया, आणि वयनी परवा सुखान..." इथे तो अडखळला. त्याची नजर दाराशी ठेवलेल्या बोचक्यावर गेली, तिथून चुलीवर आणि चुलीवरून शांतावर. शांताच्या भाकरीचा एक तुकडा त्याने कवडीलाच टाकून पाहिला होता. कवडीनेही तो न खाता तसाच टाकला होता. "म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "तसा अगदी पोकळच असतला, असा पण नाय."

"आता फिरलास?" आत्या म्हणाली.

"मी खंय फिरलंय? मी म्हणतंय, देवाच्या मनात असला तर कोंबडो कशाक होयो?"

शांताच्याही मनात काहीतरी चाललं होतं. तिची आई नव्हती. बाळंतपण याच घरात व्हायचं होतं. ती भिंतीला हळूच म्हणाली, "सासूबाईंनी एवढी घाई कशाला करावी, असं माझं तरी म्हणणं."

"अरेच्चा, तूच आत्ता म्हणत होतीस..." शिवाने सुरुवात केली.

"तुम्ही गप्प बसा."

आता एकटी रखमाआत्या कोंबडीच्या विरुद्ध उरली. तिला गावी सोबत हवी होती. रिकाम्या घरात रात्री पालीशी बोलून ती कंटाळली होती. "गुणा शिकलेली असा," ती म्हणाली. "तिका विचारा. काय गो चेडवा? कोंबड्याबगर पिल्लू होता?"

सगळ्यांनी गुणवंतीकडे पाहिलं. सोनूबाईनेही पाहिलं. टोपलीवरून तिची नजर पहिल्यांदा उठली होती.

खोटं बोलणं गुणवंतीला शिकवलेलं नव्हतं. आबा डॉक्टरी शिकवायच्या कॉलेजात शिपाई होते, स्पिरिटात गर्भ ठेवलेल्या बरण्यांच्या दालनात. स्पिरिट कमी झालं की भरायचं, धूळ पुसायची, बरण्या ओळीने लावायच्या. पण दालनात काय चाललंय हे त्यांनी कान देऊन ऐकलं आणि रात्री जेवताना घरी आणलं. दुसऱ्या घरांतली मुलं वाघाच्या गोष्टी ऐकून मोठी होतात तशी ह्या घरातली मुलं गर्भाच्या गोष्टी ऐकून मोठी झाली.

"फुलात कसं असतं," गुणवंती म्हणाली, "की एकीकडे पराग असतात आणि..."

"फुला नको," काका म्हणाला. "कोंबडी सांग."

गुणवंतीने पदर सारखा केला आणि वळचणीला टांगलेल्या कंदिलाकडे बघत बोलू लागली. शाळेत तपासनीस आले की ती अशीच छताकडे बघून बोलायची. "कोंबडी एकटी असली तरी अंडं घालते. पण ते नुसतं अंडं. त्यात कोंबड्याचं बीज मिसळलं तरच जीव धरतो. एकीचं अर्धं, एकाचं अर्धं. माणसाचंही तसंच. बाईच्या पोटात अंडं असतं आणि..."

"शिव शिव!" रखमाआत्याचा विडा घशातच अडकायचा राहिला. "बाईच्या पोटात अंडा? मी काय कोंबडी?"

"मोहरीपेक्षाही बारीक असतं, आत्ये."

"कितीही बारीक असूंदे! माझ्या पोटात नाय!"

शिवा छत बघू लागला. काका मिशा चाचपू लागला. शांता मात्र आता भिंत सोडून थेट गुणवंतीकडे वळली होती. "मग पुढे? पुढे काय होतं त्याचं?"

"एकाचे दोन भाग होतात, दोनाचे चार. मग सीताफळासारखा गोळा. त्यातून पाठीचा कणा, मग काळीज. सुरुवातीला मासा, कोंबडी, माणूस, सगळे सारखेच दिसतात. आबा म्हणायचे, बरणीवरची चिठ्ठी पडली तर मोठ्या डॉक्टरालाही घाम फुटेल. सगळ्यांच्या मानेला घड्या, सगळ्यांना शेपूट..."

"शेपूट!" शांताने दोन्ही हात पोटावर ठेवले. "माझ्या बाळाला शेपूट आहे?"

"आता नाही, वहिनी. दुसऱ्या महिन्यात असतं. नंतर जिरून जातं."

"नक्की?"

"सगळ्यांचं जिरतं."

"धोंडूचा सोडून," रखमाआत्या म्हणाली.

"आणि उत्तर?" सोनूबाई म्हणाली. एवढ्या गोंधळात तिचा आवाज बारीक होता, पण सगळे थांबले. "गुणा, माझ्या अंड्यांत काय आहे ते सांग."

गुणवंतीला सांगता आलं असतं, की काही नाही. पुस्तकात तसंच होतं. तिने तोंड उघडलं आणि दाराशी ते बोचकं दिसलं, त्याच्या गाठीतून आबांच्या उपरण्याचा कोपरा बाहेर आलेला.

"बघून सांगते," ती म्हणाली.

आबांचा डबा माळ्यावर होता. पत्र्याचा, एका बाजूला गोल भोक पाडलेला. आत दिवा ठेवायचा, भोकावर अंडं धरायचं. लहानपणी आबांनी तिला असंच दाखवलं होतं. पण भर दुपारी पडवीत उजेड एवढा, की दिव्याचा काय उपयोग? तेव्हा धोंडूकाकाने आपली जाड गोधडी आणली. कवडीने जिच्यावर बसून प्रसाद दिला होता ती चादर वेगळी. ही स्वच्छ होती, निदान तो तसं म्हणाला. शिवाने एक टोक धरलं, काकाने दुसरं, आणि त्या तंबूत गुणवंती, सोनूबाई, शांता आणि "माका काय बघूचा नाय" म्हणत सगळ्यांत आधी शिरलेली रखमाआत्या. मग काकाला राहवेना, त्याने आपलं टोक खुंटीला अडकवलं आणि डोकं आत खुपसलं. शिवाने आपलं टोक दातांत धरलं आणि तोही आला.

मे महिना, दिवा, आणि सहा जणं. वड्यांचा वास, पानाचा वास, आणि जरा वेळाने आणखी एक.

"काहीतरी जळतंय," शांता म्हणाली.

"माझी मिशी!" काका ओरडला.

मिशी विझवून झाल्यावर गुणवंतीने पहिलं अंडं भोकावर धरलं. कवडीच्या पोटाखालून ते काढताना हाताला दोन चोची बसल्या होत्या. अंडं संत्र्यासारखं उजळलं. आत बलकाची अंधूक सावली, बाकी निर्मळ.

"पोकळ," आत्या म्हणाली.

दुसरंही तसंच.   दिव्याच्या उजेडात आईचे हात हलले, आणि तेवढ्या गर्दीतही गुणवंतीला समजलं, की ते बोचक्याच्या दिशेने चालले आहेत.

तिने तिसरं अंडं धरलं.

 अंड्यात लाल रेघा होत्या. बारीक, केसाएवढ्या, एका ठिकाणाहून चहूकडे फुटलेल्या, जसा कोळी आठही पाय पसरून बसतो. मधोमध एक काळसर ठिपका. आणि तो ठिपका उडत होता. थांबून थांबून नाही. एकसारखा, आपल्याच नादात.

"हालता," काका कुजबुजला. "आयशप्पत, हालता!"

"काळीज आहे ते," गुणवंती म्हणाली. तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता.

शिवाच्या तोंडातून गोधडी सुटली आणि सगळ्यांवर कोसळली. दिवा वाचला तो शांताने डबा पोटाशी धरला म्हणून. सगळे धडपडत उजेडात आले, घामाघूम, केस विस्कटलेले, आणि एकदम बोलू लागले. सोनूबाई मात्र हात जोडून उभी राहिली होती. "आले," ती म्हणत होती. "म्हटलं नव्हतं? आले."

"थांब थांब," रखमाआत्या कमरेवर हात ठेवून टोपलीपुढे उभी राहिली. "ह्या कसा झाला? ह्या वाडीत दुसरो कोंबडो नाय. मग ही खंय गेल्ली? मेल्ये, घो जावन महिनो नाय झालो तुझो!"

"आत्ये, कोंबडीच आहे ती," शिवा म्हणाला.

"म्हणून काय झाला? लाज नको?"

"आपणच तिच्या घोवाचो रस्सो केलो," काका दुखऱ्या आवाजात म्हणाला. मिशीची उजवी बाजू त्याला आता डावीपेक्षा बरीच आखूड होती. "तंगडी मी खाल्लंय. तेचा काय?"

गुणवंती दाराच्या चौकटीला टेकली. आबांचा आवाज तिच्या कानाशी आला, कालवणात भाकरी कुस्करता कुस्करताचा. कोंबडीची एक गोष्ट त्यांनी एका डॉक्टरकडून ऐकून आणली होती आणि तिने ती थाप समजून हसण्यावारी नेली होती. पुस्तकात ती कधी सापडलीच नव्हती. हे आत्ता सांगितलं नाही, तर आई राहील. तिचा नवरा अंड्यात येतोय ह्या समजुतीवर राहील, आणि कधीतरी एक पिल्लू चिवचिवत बाहेर येईल, दाणे टिपेल आणि आईला ओळखसुद्धा दाखवणार नाही. सांगितलं, तर परवाची बोट.

"आई," ती म्हणाली. "ते आपल्या कोंबड्याचं आहे."

"कुठल्या?"

"तुरेवाल्याचं. कापला त्याचं. कोंबडी कोंबड्याचं बीज पोटात ठेवते. तो गेला तरी ते संपत नाही. पुढे कितीतरी दिवस एकेका अंड्याला थोडं थोडं देते. शेवटी संपतं. ती दोन पोकळ अंडी शेवटची असतील." ती चौकटीपासून पुढे आली. "आबा नाहीत त्यात. आबांनीच मला हे सांगितलं होतं."

 कवडीने अंग फुगवून उरलेली अंडी पुन्हा पोटाखाली ओढली.

सोनूबाई हळूहळू खाली बसली. रागावेल असं वाटलं होतं, रडेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "जपून ठेवते?"

"हो."

"मेल्यावरसुद्धा? खाऊन टाकल्यावरसुद्धा?"

"मी दोनच तुकडे खाल्ले," शिवा म्हणाला.

"हे तुला केव्हा सांगितलं त्यांनी?"

"मी अकरा-बारा वर्षांची असेन. अंडं दाखवताना."

"मला नाही कधी सांगितलं." सोनूबाई कवडीकडे बघत होती. मग गुणवंतीकडे. खूप वेळ. "तू डावा डोळा मिटतेस."

"काय?"

"आत गोधडीत. बघताना डावा डोळा मिटतेस आणि जिभेचं टोक बाहेर काढतेस. मी दिव्याकडे बघतच नव्हते मघाशी. सबंध वेळ तुझ्याकडेच बघत होते." तिने नाक पदराला पुसलं आणि एकदम, महिन्यात पहिल्यांदा, तिला हसू फुटलं. "जिभेचं टोक सुद्धा, मेलं. अगदी तसंच. मला वाटलं, हेच बसलेत."

 काकाने आखूड मिशी चोळली.

सोनूबाई उठली, दाराशी गेली आणि बोचक्याची गाठ सोडली. उपरणं काढून खांद्यावर टाकलं. "वन्स," ती म्हणाली, "तुम्ही परवा सुखाने जा. वाटेला वडे बांधून देते. माझी कोंबडी बसलीय. शांतेचंही पुढे आहेच. एवढं सगळं टाकून मी कुठे येऊ?"

"आणि मी? एकटीच पालीशी बोलू?"

"धोंडूभावोजींना घेऊन जा."

"माका?" काका दचकला. "गिरण कोण बघतलो?"

"तुझा शेपूट," आत्या म्हणाली आणि पायात आलेल्या एका काळ्या मांजराला लाथ मारल्यासारखं करून आत गेली. जाताना मात्र तिने टोपलीवर आपला फाटका पंचा घातला, कवडीला ऊन लागू नये म्हणून.

"गुणा," आईने हाक मारली. तिने गोधडी उचलून खुंटीला पुन्हा अडकवली होती आणि दुसरं टोक स्वतःच धरलं होतं. "सहा राहिलीत अजून. ये. दिवा धर."

गुणवंती गोधडीखाली शिरली. आई तिला खेटून बसली. बाहेर काका आणि शिवा तंगडीवरून भांडत होते आणि शांता भिंतीला सांगत होती, की शेपटाचं तिने आधी कुणाकडून ऐकलं असतं तर दुसऱ्या महिन्यात एवढी खाज का सुटली ते कळलं असतं. गुणवंतीने अंडं भोकावर धरलं, डावा डोळा मिटला आणि उजव्याने पाहू लागली. काही वेळ तिला नुसताच उजेड दिसत राहिला, पाण्यात पडल्यासारखा, हेलकावणारा.

"सांग ना," आई म्हणाली. "काय दिसतंय?"

"थांब," गुणवंती म्हणाली. "दिसेल."